शटर कोरडेच हवे

मंडळी, जुन्या कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये बसवलेले, प्रकाश ठरावीक वेळच आत सोडणारे पात्यांचे शटर अडकले की ते बिघडले, त्याची स्प्रिंग गेली, असा निष्कर्ष आपण फार लवकर काढतो. माझा अनुभव वेगळा आहे. बहुतेक वेळा धातू शाबूत असतो. अडवणूक करते ते तेल. म्युनिकच्या फ्रीड्रिख डेकेल यांच्या कारखान्यातून 1912 च्या सुमारास कॉम्पुर शटर बाहेर आले, तेव्हा आधीच्या शटरांमधला हवेचा दट्ट्या काढून त्याजागी घड्याळासारखी दातेरी चक्रे आणि त्यांचा वेग आवरणारा पॅलेट नावाचा तुकडा बसवण्यात आला. एक सेकंदाच्या गतीला, म्हणजे शटर एक सेकंद उघडे राहते तेव्हा, जी घरघर ऐकू येते, ती या चक्रांची.

म्हणून उघडण्याआधी ऐकावे. शंभरांश सेकंदाची गती ठीक असून एक सेकंदाची घरघर मध्येच थांबत असेल, तर दोष चक्रांच्या वाळलेल्या तेलात असतो. सगळ्याच गतींना पाती रेंगाळत असतील, तर तेल पात्यांवर पोहोचलेले असते. ही पाती कागदाइतकी पातळ आणि एकमेकांवर टेकलेली असतात, त्यामुळे लेन्सच्या आट्यांमधले ग्रीस पातळ होऊन त्यांच्यामध्ये ओढले गेले की ती एकमेकांना चिकटतात. पहिल्या शटरात मी शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडला होता. दोन दिवस ते सुरेख चालले आणि आठवड्याभरात पाती पूर्ण बंद झाली. पात्यांना तेल नको, थेंबभरही नको.

समोरच्या बाजूची लेन्स काढताना तिची आटी नेमकी कुठे सुटते तिथे बारीक खूण करावी. प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे. लायटरचे इंधन किंवा शुद्ध आयसोप्रोपाइल अल्कोहोल वापरून, खिडक्या उघड्या ठेवून आणि आसपास ज्योत नसताना, चक्रे आणि पाती स्वच्छ करावीत. सगळे शटर इंधनाने नुसते भिजवले, तर विरघळलेली घाण तिथेच पसरते. म्हणून पाती सुटी काढून एकेक पुसणे मला जास्त खात्रीचे वाटते. ती बोटांनी धरू नयेत, कारण घामाने पोलाद गंजते.

खरी कसोटी जोडणीत आहे. प्रत्येक पात्याला एक भोक आणि एक खाच असते. भोक स्थिर खुंटीवर बसते, खाचेत फिरत्या कड्याची खुंटी येते, आणि पाती काढली त्याच क्रमाने एकावर एक येतात. नंतर गतीचे कडे. त्याच्या वेगवेगळ्या आकाराच्या खाचांमध्ये चक्रांच्या आणि ‘बी’ तरफेच्या (बटण दाबून ठेवेपर्यंत शटर उघडे धरणाऱ्या) खुंट्या आपसूक शिरल्या पाहिजेत. कडे सपाट बसत नसेल, तर एखादी खुंटी खाचेबाहेर राहिली आहे असे समजावे, चिमट्याने ती आत सरकवावी. दाबले तर खुंटी वाकते.

लेन्स परत बसवल्यावर कॅमेऱ्याच्या फिल्मच्या रुळांवर दुधी काच ठेवून, शटर उघडे धरून, दूरची वस्तू काचेवर भिंगातून पाहावी आणि ती स्पष्ट दिसते तिथे लेन्सवरची अनंताची (अतिदूरच्या वस्तूंची) खूण जुळवावी. सावकाश गती मोबाइलवर आवाज नोंदवून मोजता येतात. जलद गतींसाठी प्रकाशाची नोंद घेणारा संवेदक लागतो. मात्र मोजणी त्याच दिवशी करू नये. ओले शटर नेहमीच चांगले चालते. रात्रभर सुकल्यावर उरलेला चिकटा बोलू लागतो, तेव्हा एक सेकंदाची घरघर सकाळी पुन्हा ऐकावी.