वॉरिकच्या नाइटची पाठ

नमस्कार श्रोतेहो. इंग्लंडमधल्या जुन्या चर्चमध्ये थडग्यांवर चिलखत घालून उताणे निजलेले नाइट, म्हणजे मध्ययुगातले घोडेस्वार योद्धे, दिसतात. काहींनी पायावर पाय टाकलेला असतो. असा नाइट क्रुसेडला, म्हणजे पॅलेस्टाइनसाठीच्या ख्रिस्ती धर्मयुद्धाला जाऊन आलेला, असं आजही सांगतात. ते खरं नाही. पॅलेस्टाइनमधलं अक्र शहर, क्रुसेडवाल्यांचं तिथलं शेवटचं मोठं ठाणं, १२९१ मध्ये पडलं. पायावर पाय टाकलेल्या मूर्ती त्यानंतरही पन्नास वर्षं घडत होत्या. पुन्हा सांगतो, पायांवरून क्रुसेड ओळखायचं नाही. बघायचं ते चिलखत.

तेही जपून. दगडी मूर्तीवर चिलखताच्या कड्या दर वेळी कोरत नसत. लेप देऊन त्यात ठसे उमटवत आणि वर रंग लावत. लेप झडला की अंग गुळगुळीत दिसतं, आणि चिलखत चामड्याचं होतं असा समज होतो.

आता इंग्लंडमधल्या वॉरिक गावाला चला. तिथल्या सेंट मेरी चर्चमध्ये रिचर्ड बीचम निजला आहे. वॉरिकचा हा अर्ल, म्हणजे बडा सरदार, १४३९ मध्ये फ्रान्सात रूआँला वारला. त्याची मूर्ती दहा-बारा वर्षांनी ओतली गेली, पितळेसारख्या धातूची, वर सोन्याचा मुलामा. ओतारी लंडनचा विल्यम ऑस्टिन. करारात सगळं लिहून घेतलं होतं: तलवार, कट्यार, डोक्याखाली शिरस्त्राण, पायाशी अस्वल आणि ग्रिफिन, म्हणजे गरुडाच्या तोंडाचा सिंह. सगळं दिलेल्या नमुन्याबरहुकूम.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला चार्ल्स स्टॉथर्ड हा चित्रकार थडग्यांवरच्या मूर्तींची चित्रं काढत देशभर फिरत होता. वॉरिकला त्याच्या ध्यानात आलं की ही मूर्ती चौथऱ्याला जखडलेली नाही. त्याने ती उलटवून घेतली. आणि पाठीवर काय? पूर्ण चिलखत! पाठीचे पत्रे, चामड्याच्या वाद्या, बकलं, बिजागऱ्या, सगळं जागच्या जागी. एकदा मूर्ती चौथऱ्यावर ठेवली की ही बाजू दिसणार नाही, हे कारागिरांना पुरतं ठाऊक होतं. तरी एक बक्कलही त्यांनी सोडलं नाही. पाठीवरचं एकही बक्कल नाही! स्टॉथर्डने समोरून काढली तशी मागूनही चित्रं काढली. त्या काळातली पूर्ण चिलखतं इंग्लंडात फारशी उरलेली नाहीत. समोरून नुसते पत्रे दिसतात. ते अंगावर कसे बांधत, हे पाठ बघितल्यावरच कळतं.

म्हणूनच संग्रहालयांनी मूर्ती भिंतीला चिकटवून ठेवू नयेत, असं माझं ठाम मत आहे. मूर्ती कुठल्याही देशाची, कुठल्याही देवाची असो, मागून फिरायला हातभर जागा ठेवायलाच हवी. आणि दिवा बाजूने लावावा. समोरून उजेड पाडला की उथळ कोरीवकाम पुसल्यासारखं होतं.

बीचमच्या चिलखताच्या दोन बाजू सारख्या नाहीत, तेही बघा. घडण इटलीतल्या मिलानच्या धर्तीची. घोड्यावरच्या लढाईत शत्रूचा भाला डावीकडून येतो, म्हणून डाव्या खांद्याचा आणि कोपराचा पत्रा मोठा. उजव्या काखेत स्वतःचा भाला धरायचा, म्हणून तिकडचा पत्रा आखूड.