सर, एक मॉप कमी आहे

(दृश्य : पुणे स्टेशनजवळचा रस्ता, रिक्षा, ससून रुग्णालयाची जुनी दगडी इमारत)

१२ जानेवारी १९२४. येरवड्याच्या तुरुंगातून आणलेल्या एका कैद्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन इथे, ससूनमध्ये, रात्री सुरू होतं. कैदी होते महात्मा गांधी. सर्जन कर्नल मॅडॉक. बाहेर वादळ झालं आणि ऐन ऑपरेशनात वीज गेली. एका परिचारिकेनं टॉर्च धरला, थोड्या वेळानं तोही विझला. उरलेलं ऑपरेशन कंदिलाच्या उजेडात पुरं झालं.

मॅडॉकसाहेबांचं नाव गांधीजींच्या चरित्रांत येतं. उजेड कुणी धरला, हे सहसा कुणी विचारत नाही. आमचा विषय तीच माणसं. ऑपरेशनच्या टेबलापाशी उभी असतात, पण पेशंट शुद्धीवर येऊन हात जोडतो तेव्हा समोर नसतात. अमेरिकेत त्यांना सर्जिकल टेक्नॉलॉजिस्ट म्हणतात. आपल्याकडे ओटी टेक्निशियन. ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर.

(दृश्य : सकाळ, पीएमपीच्या बसमधून उतरणारे विद्यार्थी, पाठीवर सॅक, हातात अॅप्रन)

पुण्यात शिकायला आलेल्या पोरांचा विषय निघाला की लोकांना सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका आठवतात, एमपीएससीवाले आठवतात. ही मुलं त्या गर्दीत वेगळी ओळखू येत नाहीत. इंदापूर, दौंड, कुठून बीड-लातूरकडून आलेली. अनेकांनी बारावीनंतर ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा दिलेली असते. डॉक्टर व्हायचं राहून जातं, पण दवाखाना सुटत नाही.

रस्ता असा आहे : बारावी विज्ञान, त्यात जीवशास्त्र हवंच. नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली सुरू झालं. त्याचा बीपीएमटी नावाचा पदवी अभ्यासक्रम आहे. तीन वर्षं शिक्षण, मग एक वर्ष इंटर्नशिप. इतर विद्यापीठांची बीएस्सी आहे, डिप्लोमे आहेत. आणि रिक्षांच्या पाठीवर चिकटवलेल्या जाहिरातीही आहेत : सहा महिन्यांत ओटी टेक्निशियन, नोकरीची हमी. अशा जाहिरातीला फोन लावण्याआधी एकच विचारा. शिकवायला ओटी कुणाची आहे? ज्या संस्थेला स्वतःचं किंवा करारानं जोडलेलं रुग्णालय नाही, तिथे हे काम फळ्यावर शिकवलं जातं, आणि ते फळ्यावर येत नाही. संसदेनं २०२१ साली अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा केला. त्याच्या यादीत ओटी टेक्नॉलॉजिस्टचा वेगळा उल्लेख आहे. म्हणजे हा पेशा कागदावर आला, तोही इतक्या उशिरा.

(दृश्य : निर्जंतुकीकरण विभाग, वाफ, स्टीलचे ड्रम)

नवीन मुलांना वाटतं, पहिल्या दिवशी ऑपरेशन बघायला मिळेल. मिळते वाफ. ऑटोक्लेव्ह हा प्रेशर कुकरचाच थोरला भाऊ. १२१ अंश सेल्सिअस, चौरस इंचाला १५ पौंड दाब. हवा आधी खेचून घेणारं यंत्र असेल तर १३४ अंशांवर काही मिनिटं पुरतात. हे आकडे पोरं एका रात्रीत पाठ करतात. वेळ लागतो तो बाकीच्या गोष्टींना.

उदाहरणार्थ, हा ड्रम. याच्या अंगाला भोकं आहेत आणि त्यांवर सरकणारी पट्टी. आत ठेवताना भोकं उघडी, बाहेर काढल्या काढल्या बंद. उघडायची राहिली तर वाफ आत जात नाही. बंद करायची राहिली तर बाहेरची हवा आत जाते. दोन्ही वेळा ड्रम बाहेरून तितकाच चकचकीत दिसतो. कपडे ठासून भरले तरी तेच, मधल्या घडीपर्यंत वाफ पोचत नाही. पॅक ओला निघाला तर तो निर्जंतुक धरायचा नाही, परत टाकायचा.

आणि ही चिकटपट्टी. गरम झाली की तिच्यावर काळे पट्टे उमटतात. पहिल्या वर्षातला विद्यार्थी पट्टे बघून खूश होतो. इन्चार्ज सिस्टर त्याला तिथेच थांबवतात. पट्टे एवढंच सांगतात की हा पॅक यंत्रात जाऊन आला. आत काय झालं, ते पॅकमध्ये ठेवलेली दुसरी पट्टी सांगते. जंतू खरोखर मेले का, हे बघायला मुद्दाम जंतूच ठेवावे लागतात : जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस, उष्णतेला सहजी दाद न देणाऱ्या जातीचे बीजाणू. ते मेले, म्हणजे बाकीचेही गेले.

जे उष्णतेनं वितळेल, त्यासाठी इथिलीन ऑक्साइड वायू. दुर्बिणीसारखी नाजूक उपकरणं ग्लुटारल्डिहाइडमध्ये बुडवायची. निर्जंतुक करायला त्याला दहा तास लागतात. दोन केसच्या मधल्या वीस मिनिटांत होतं ते वरच्या पायरीचं जंतुनाशन, निर्जंतुकीकरण नव्हे. हा फरक तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. दिवसाच्या ऑपरेशनांची लिस्ट लांबली आणि सगळ्यांना घाई झाली की ओटीतही तो विचारायलाच हवा.

(दृश्य : हात धुण्याचं बेसिन, कोपरानं चालणारा नळ)

‘वॉश हो.’ ओटीच्या भाषेत याचा अर्थ टेबलाला उभं राहायची तयारी कर. बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंत, हात वर, पाणी कोपरावरून गळलं पाहिजे. मग गाऊन, मग ग्लोव्हज. यापुढे छातीपासून टेबलाच्या पातळीपर्यंतची पुढची बाजू तेवढी आपली. पाठ अस्वच्छ, कमरेखालचं अस्वच्छ. दोघं वॉश झालेली माणसं अरुंद जागेतून एकमेकांना ओलांडतात तेव्हा पाठीला पाठ करून सरकतात.

जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लाचे आपले प्रयोग छापले ते १८६७ साली. आपलं ससूनही त्याच वर्षाचं. रबरी ग्लोव्हज यायला मात्र आणखी वीस-बावीस वर्षं लागली, आणि तेही पेशंटला जपण्यासाठी आले नाहीत. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलाइन हॅम्प्टन नावाची परिचारिका सर्जनला हत्यारं द्यायची. मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणानं तिच्या हातांची साल निघायला लागली. सर्जन विल्यम हॉलस्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबरी हातमोजे करून घेतले. पुढे त्यांचं लग्नही झालं, पण तो वेगळा विषय. जंतू अडवायलाही ते मोजे कामाचे, हे नंतर उमगलं. म्हणजे आज जगभर सर्जन जे घालतात, ते मुळात टेबलापाशी मदतीला उभ्या असलेल्या बाईचे.

ग्लोव्हज चढले की खरा नियम सुरू होतो. हात ट्रॉलीच्या कडेला चुकून लागला. कुणी पाहिलं नाही. सर्जनची नजर पोटात, भूलतज्ज्ञांची मॉनिटरवर. लागला की नाही, ही शंकाही पुरे. बाजूला व्हायचं, सांगायचं, मोजे बदलायचे. वर्गात याचे मार्क नाहीत. पण इन्चार्ज सिस्टर मुलांना जोखतात त्या यावरूनच.

(दृश्य : ट्रॉलीवर ओळीनं मांडलेली उपकरणं)

ट्रॉली लावणं म्हणजे ऑपरेशन आधी मनातल्या मनात करून बघणं. अॅलिस आणि बॅबकॉक हे पकडायचे दोन चिमटे. अॅलिसला टोकाशी दात आहेत, बॅबकॉकला नाहीत. आतडं धरायला अॅलिस दिलं तर आतड्याला इजा होते. मेटझेनबाम कात्री नाजूक ऊतींसाठी, दोरा कापायला मेयो. मेटझेनबामनं दोरा कापला की धार जाते आणि ज्यानं ती दिली त्याला बोलणी बसतात. सुरीच्या तीन नंबरच्या हँडलला दहा, अकरा, पंधरा नंबरची ब्लेडं बसतात. चार नंबरला वीसच्या पुढची. ब्लेड बोटांनी चढवायचं नाही, आर्टरी नावाच्या चिमट्यात धरून चढवायचं. धारदार वस्तू हातातून हातात देण्यापेक्षा किडनी ट्रेमधून दिलेली बरी.

सर्जन मान वर करत नाही, नुसता तळवा पुढे येतो. काय हवं ते चालू असलेल्या कामावरून ओळखायचं. मूठ त्याच्या तळव्यात आणि टोक कामाच्या दिशेला, म्हणजे त्याला हातात फिरवून घ्यावं लागत नाही. आणखी एक शिस्त, पैशाची. टाक्याचा दोरा असो की मेश, म्हणजे हर्नियात बसवायची जाळी, मागितल्याशिवाय पाकीट फोडायचं नाही. कित्येकदा ते नातेवाइकांनी खालच्या मेडिकलमधून विकत आणून दिलेलं असतं.

मोठ्या रुग्णालयांत टेबलाला बहुधा सिस्टरच वॉश होतात. टेक्निशियनचा निम्मा दिवस भूलतज्ज्ञांच्या बाजूला जातो. भूल देण्याचं बॉइलचं मशीन, सक्शन, श्वासनळीत नळी घालताना लागणाऱ्या लॅरिंगोस्कोपचा दिवा, त्या नळीचा फुगा, सगळं पेशंट आत यायच्या आधी तपासायचं. ऑक्सिजनचं सिलिंडर काळं आणि खांद्याला पांढरं, नायट्रस ऑक्साइड या भुलीच्या वायूचं निळं. रंगावर भरवसा नको म्हणून जोडणीच्या पिनाही वेगळ्या जागी : ऑक्सिजनच्या दोन आणि पाच, नायट्रसच्या तीन आणि पाच. पोझिशन देणं हेही त्याचंच काम. पाय वर बांधायचे तर दोन्ही एकदम उचलायचे. हात बाजूला पसरायचा तर नव्वद अंशांच्या आत, नाहीतर खांद्याजवळची नस ताणली जाते. झोपलेला माणूस ‘दुखतंय’ म्हणत नाही.

पेठांतल्या छोट्या नर्सिंग होममध्ये ही वाटणीच नसते. तिथे एकच माणूस वाफ, भूल, ट्रॉली, सगळं बघतो. कित्येक ठिकाणी ते मामा असतात, वॉर्डबॉय म्हणून लागलेले आणि डॉक्टरांनी हाताखाली घडवलेले. त्यांच्या हाताला तोड नाही. पण कागद नाही, म्हणून पगारात वाढ नाही, आणि ‘हे असंच का?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘सर असंच करतात.’ पदवी घेतलेल्या पोरीनं मामांकडून हात शिकावा, पण हे उत्तर घेऊ नये, असं आम्हाला वाटतं.

(दृश्य : ओटीतली भिंत, पांढरा फळा, त्यावर मॉपची, म्हणजे रक्त टिपायच्या कापडांची, संख्या)

२००८ साली जागतिक आरोग्य संघटनेनं ऑपरेशनसाठी एकोणीस मुद्द्यांची यादी काढली. भूल देण्याआधी, कापण्याआधी आणि पेशंट बाहेर नेण्याआधी, अशी तीनदा वाचायची. आठ शहरांत ती तपासली गेली, त्यात दिल्लीही होती. ऑपरेशननंतरच्या मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. यादीत एक साधं कलम आहे : कापण्याआधी खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं. विद्यार्थ्यांनीही. पहिल्यांदा नाव सांगताना मास्कआड आवाज अडकतो. पण ज्यानं एकदा नाव सांगितलं, त्याला पुढे वेळ आली तर बोलणं थोडं सोपं जातं.

वेळ येते, ती अशी. पोटाचं ऑपरेशन संपत आलं आहे. सर्जन पोट बंद करायला टाका मागतात. आधी मोजणी. सुरुवातीला फळ्यावर पंधरा मॉप लिहिलेत. रक्तानं भिजलेले मॉप एकेक सुटे करून मोजले जातात. चौदा. पुन्हा मोजतात. चौदा.

इंटर्नशिपला लागून थोडेच दिवस झालेली मुलगी म्हणते, ‘सर, एक मॉप कमी आहे.’

सर म्हणतात, ‘नीट मोज.’

‘दोनदा मोजले सर. बंद करू नका.’

सुई थांबते. बादली उपसली जाते, चादरींच्या घड्या झटकल्या जातात, कचऱ्याच्या लाल आणि पिवळ्या पिशव्या मामा पुन्हा उघडतात. नाहीच सापडला तर सी-आर्म, म्हणजे हलवता येणारं एक्स-रे यंत्र, आणून एक्स-रे. मॉपमध्ये एक्स-रेवर दिसणारा धागा विणलेला असतो, तो याचसाठी. तोवर सर्जन पोटात पुन्हा हात घालतात. यकृताच्या वरच्या बाजूला, सुरुवातीला रक्त टिपायला दाबलेला मॉप हाताला लागतो.

पंधरा. टाके सुरू होतात. त्वचा शिवताना पुन्हा एकदा मोजणी. सर काही बोलत नाहीत, इन्चार्ज सिस्टरही नाहीत. रजिस्टरमध्ये नोंद होते. लिस्टवर आणखी तीन केस आहेत, आणि सिस्टर त्या मुलीला म्हणतात, ‘पुढची हर्निया. मेश काढून ठेव गं, पण पाकीट फोडू नकोस.’