हॅडिक्सची ओळ

(पडद्यावर जुना छापील बॉक्स स्कोअर. कॅमेरा शेवटच्या ओळींवर सरकतो.)

26 मे 1959. मिलवॉकीचं काउंटी स्टेडियम. पिट्सबर्ग पायरेट्स विरुद्ध मिलवॉकी ब्रेव्ह्ज.

बॉक्स स्कोअर म्हणजे बेसबॉलचा धावफलक. तो रुजवला हेन्री चॅडविक यांनी. जन्म इंग्लंडचा, अमेरिकेत आधी क्रिकेटच्या बातम्या लिहिणारा हा पत्रकार. म्हणूनच क्रिकेटचे आकडे वाचत वाढलेल्या आपल्या डोळ्यांना हा तक्ता फारसा परका वाटत नाही.

आधी एकूण हिट बघा, म्हणजे बॅटरला मैदानावरच्या चार ठाण्यांपैकी (बेसपैकी) एखाद्यावर पोहोचवणारे फटके. पायरेट्स 12, ब्रेव्ह्ज 1. आता धावा बघा, म्हणजे चारही बेसची पुरी झालेली फेरी. पायरेट्स 0, ब्रेव्ह्ज 1.

छपाईची चूक नाही ही.

पायरेट्सचा डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, हार्वी हॅडिक्स. वय 33, अंगात सर्दी-ताप. समोर हँक एरन, एडी मॅथ्यूज अशी तगडी फळी. तिघे बाद झाले की संघाची इनिंग संपते. पहिल्या इनिंगमध्ये तिघे आले, तिघे बाद. दुसऱ्या इनिंगमध्ये तेच. नऊ इनिंग संपल्या, 27 बॅटर, 27 बाद. एकालाही पहिला बेस गाठता आला नाही. एरवी इथे सामना संपतो आणि संघ पिचरला खांद्यावर घेतो. पण पायरेट्सचीही पाटी कोरीच होती. ब्रेव्ह्जचा लू बर्डेट हिट देत होता, धाव देत नव्हता. तिसऱ्या इनिंगमध्ये तर पायरेट्सनी तीन हिट मारूनही काही हाती लागलं नाही.

खेळ चालूच राहिला. दहावी, अकरावी, बारावी. 36 बॅटर आले, 36 परत गेले. मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च स्तरावरच्या, एका सामन्यात सुरुवातीपासून सलग इतके बाद त्याआधी कुणी केले नव्हते, नंतरही नाहीत.

(आवाज थोडा खाली.)

तेरावी इनिंग. फेलिक्स मँटियाचा साधा ग्राउंडर, जमिनीवरून जाणारा फटका. तिसऱ्या बेसवरच्या डॉन होकने चेंडू उचलला, पण फेक चुकली. मँटिया पहिल्या बेसवर. मॅथ्यूजने बंट करून, म्हणजे चेंडू बॅटने हलकेच थोपवून, त्याला दुसऱ्यावर ढकललं. एरनला मुद्दाम वॉक दिला, म्हणजे फटक्याविना पहिला बेस. मग जो ॲडकॉकने चेंडू थेट कुंपणापार धाडला.

होम रन, आणि दोघे आधीच बेसवर, म्हणजे तीन धावा. पण सामना संपला असं समजून एरन बेसची वाट सोडून निघाला आणि मागून धावणारा ॲडकॉक त्याच्या पुढे गेला. नियमाने ॲडकॉक बाद. लीगचे अध्यक्ष वॉरन जाइल्स यांनी अखेर निकाल दिला: फटका डबल, म्हणजे दोन बेसचा, आणि धाव एकच, मँटियाची. तक्त्यात म्हणूनच होम रन दिसत नाही.

(कॅमेरा हॅडिक्सच्या ओळीवर स्थिर.)

12 इनिंग आणि वर दोन बाद. हिट 1, धाव 1, वॉक 1, स्ट्राइकआउट 8. पुढे पराभवाची खूण. पण त्याच ओळीत आणखी एक रकाना आहे, अर्न्ड रन. पिचरने स्वतः ओढवून घेतलेल्या धावा. तिथे शून्य आहे. ती धाव होकच्या चुकीतून निघाली, हॅडिक्सच्या हातून नव्हे.

1991 मध्ये मेजर लीगच्या समितीने नो-हिटरची व्याख्या कडक केली. पूर्ण सामन्यात एकही हिट नको. हॅडिक्सचं नाव यादीतून गेलं. मला हे अजिबात पटत नाही. परफेक्ट गेमला, म्हणजे एकही बॅटर बेसवर न पोहोचणाऱ्या सामन्याला, 27 बाद लागतात. या माणसाने ते केले, आणि वर आणखी नऊ.