काचेवरची गुहा

(दृश्य: काळा मुखवटा, अगदी जवळून)

चेहरा झाकलेला. दिसतात ते फक्त डोळे. हा दिआबोलिक. याला उडता येत नाही, हा जगाला वाचवायलाही निघालेला नाही. हा चोर आहे, आणि आपण पहिल्या पाच मिनिटांतच चोराच्या बाजूने होतो.

मिलानच्या आंजेला आणि लुचाना जुस्सानी या बहिणींनी १९६२ साली त्याला कॉमिकमध्ये आणलं. खिशात मावेल एवढी पुस्तिका, आगगाडीने कामावर जाणाऱ्यांनी वाटेत वाचावी अशी. १९६८ मध्ये मारिओ बाव्हा यांनी त्याच्यावर सिनेमा केला. निर्माते दिनो दे लॉरेंतीस, दिआबोलिकच्या भूमिकेत जॉन फिलिप लॉ, खर्च सुमारे २० कोटी लिरा. याच निर्मात्याच्या 'बार्बारेला' या सिनेमापुढे ही रक्कम किरकोळच.

(दृश्य: दिआबोलिकचा भुयारी अड्डा)

आता ही गुहा नीट पाहा. खडकाचं उंच छत, आत खोल गेलेल्या वाटा. यातलं खरोखर बांधलेलं फार थोडं आहे. उरलेल्या गुहेचा बराच भाग कॅमेऱ्यापुढच्या काचेवर आहे.

(दृश्य: काच, कुंचला, कॅमेरा)

कॅमेरा पक्का बसवायचा. त्याच्यापुढे काही फुटांवर काच उभी करायची. भिंगातून बघत सेट जिथे संपतो तिथे काचेवर रेघ मारायची. रेघेच्या वर खडक रंगवायचे, खालची काच कोरी. बाव्हा तर मासिकांतली चित्रं कापूनही काचेवर चिकटवत.

अडचण फोकसची. काच जवळ, नट लांब, आणि दोन्ही स्पष्ट हवेत. त्यासाठी भिंगाचं छिद्र बारीक करावं लागतं; 'एफ'चा आकडा जेवढा मोठा, तेवढं छिद्र लहान. एफ ४ वरून एफ ११ वर गेलात, की प्रकाश आठपट लागतो. दिवे वाढवले, की काचेत कॅमेऱ्याचंच प्रतिबिंब दिसतं, म्हणून कॅमेऱ्याभोवती काळं कापड. नट रेघेच्या वर गेला, की त्याचं डोकं खडकामागे गायब. कॅमेऱ्याला नुसता धक्का लागला, तरी रंगवलेला खडक आणि खरी भिंत एकमेकांपासून सरकतात. उघड्यावर तर सूर्यही थांबत नाही: खऱ्या सावल्या हलतात, रंगवलेल्या जागच्या जागी.

एवढं सांभाळलं, की सगळं एकाच निगेटिव्हवर, एकाच वेळी उमटतं. लॅबमध्ये दोन फिल्म जुळवायला नकोत, त्यामुळे चित्र फुटत नाही. आणि शॉट जमला की नाही, हे भिंगाला डोळा लावून तिथल्या तिथे कळतं.

बाव्हांना ही विद्या घरातून मिळाली. वडील एउजेनिओ शिल्पकार, शिवाय मूकपटांच्या काळातले छायाचित्रकार आणि ट्रिकसीनचे जाणकार. मारिओ स्वतः दिग्दर्शक होण्याआधी कितीतरी वर्षं कॅमेऱ्यामागे होते. चौकट ठरवणारा आणि काच समजणारा माणूस एकच असला, की २० कोटी लिरांत एवढी मोठी गुहा उभी राहते. हे श्रेय त्यांना फार कमी वेळा दिलं जातं.

(दृश्य: सोन्याचा शेवटचा प्रसंग)

बाव्हांना दिआबोलिक अधिक क्रूर हवा होता, निर्मात्यांना सौम्य. सौम्यच झाला.

वितळलेलं सोनं अंगावर गोठलंय. हलतो तो फक्त डोळा, आणि तो प्रेयसी इव्हाकडे पाहून मिचकावतो. पुढच्या भागाला जागा होती. लॉरेंतीस यांनी विचारलंही. बाव्हांनी नकार दिला.