फ्रिज कुणाचा?

नमस्कार श्रोतेहो.

मध्यंतरी पाहुण्यांना घेऊन होटगी रोडवरच्या एका हॉटेलात गेलो होतो. कडक भाकरी, झणझणीत मटण आणि बाहेर आपलं सोलापुरी ऊन. भाच्यानं पेप्सी मागितली. वेटर म्हणाला, "पेप्सी नाही साहेब. थम्सअप आहे, लिम्का, स्प्राइट, फँटा, माझा. काय आणू?"

पाच नावं ऐकून भाचा खूश. पण ही पाचही भावंडं एकाच घरची, कोका-कोलाची. दुसऱ्या एखाद्या हॉटेलात सेव्हन-अप, मिरिंडा, माउंटन ड्यू, स्लाइस मिळालं असतं. ते घर पेप्सीचं. आपण निवडतो ती चव. घर आधीच ठरलेलं असतं.

ते ठरतं गल्ल्यावर. कंपनीचा माणूस मालकाला काचेच्या दाराचा फ्रिज देतो, हॉटेलच्या नावाची पाटी रंगवून देतो, अमुक पेट्यांवर एक पेटी फुकट देतो. अट एवढीच, की फ्रिजमध्ये माल आमचाच. मालकाला तरी का दोष द्यायचा? एप्रिल-मेच्या सोलापुरात फुकटचा फ्रिज कोण नाकारेल? म्हणजे स्पर्धा आहे, चांगली हातघाईची आहे. फक्त ती मालकाच्या गल्ल्यासाठी आहे आणि आपण खुर्ची ओढायच्या आधीच संपलेली असते.

2002 च्या स्पर्धा कायद्यात असे 'फक्त माझाच माल घे' करार येतात, पण ते आपोआप बेकायदा ठरत नाहीत. बाजारातल्या स्पर्धेला त्यांनी मोठी बाधा येते, हे दाखवावं लागतं. आणि शेजारच्या हॉटेलात दुसऱ्या कंपनीचा फ्रिज असला, की ते दाखवणं अवघडच.

जुन्या श्रोत्यांना आठवत असेल, 1977 मध्ये कोका-कोलानं देश सोडला. त्याच सुमारास पार्लेचं थम्सअप आलं, सरकारचं 'डबल सेव्हन' आलं, कॅम्पा कोलाही आलं. मग 1993 मध्ये कोका-कोला परतली आणि पार्लेकडून थम्सअप, लिम्का, गोल्ड स्पॉट, माझा विकतच घेतलं. फँटाच्या पायी गोल्ड स्पॉट गेलं. थम्सअप मात्र टिकलं, कारण आपण ते सोडायलाच तयार नव्हतो. अजूनही काही मंडळी "मी कोक पीत नाही, थम्सअप पितो" असं छाती फुगवून सांगतात. त्यांचे पैसे त्याच घरी जातात. आता 2022 मध्ये रिलायन्सनं कॅम्पा घेतलंय, म्हणजे तिसरा फ्रिजवालाही दारात आला.

माझ्या ओळखीचे एक हॉटेलवाले आहेत. त्यांचा फ्रिज कुणाचा, ते सांगत नाही. त्यांना विचारलं, "मटणावर लोकांना ताक लागतं, मेनूकार्डावर का नाही?"

"ताक आहे की," ते म्हणाले, "पण आत, स्वयंपाकघरात. ह्या फ्रिजमध्ये ठेवलं तर कंपनीचा माणूस बोलतो. तुम्ही मागा, पोरगा आणून देईल."