खाटेवरची स्लीप स्टडी

(दृश्य : दिवेलागणीची वेळ, ओसरी, खाटेवर ठेवलेली कापडी पिशवी.)

घाटंजी तालुक्यातील या घरी आशाताईंनी आणून दिलेल्या पिशवीत एका रात्रीची झोप मोजण्याचे सारे साहित्य मावले आहे : छातीभोवती आवळायचा पट्टा, नाकपुड्यांशी टेकणारी बारीक नळी आणि ऑक्सिजन मोजण्यासाठी बोटाला लावायची चिमटी. काकांनी पट्टा आधी उलटा बांधला होता, तो काकूंनी सोडवून नीट केला. काकांना नेमके काय होते, हेही त्याच सांगतात : "मंधातच दम थांबते, मंग मीच हालवतो त्याईले."

या आजाराला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. झोपेत श्वास किमान १० सेकंद थांबला, की तो एक खंड मोजला जातो. तासाला असे ३० किंवा त्याहून अधिक खंड पडले तर आजार तीव्र समजतात. ही मोजणी करून घ्यायची तर पूर्वी नागपूरसारख्या शहरात एक रात्र काढावी लागे. तिथे डोके, डोळ्यांच्या कडा, हनुवटी आणि पाय यांना तारा चिकटवून रुग्णाला झोपवत आणि शेजारच्या खोलीत तंत्रज्ञ रात्रभर पडद्यासमोर जागा राही. शिवाय बंद खोली, आणि श्वासमार्ग उघडा राहावा म्हणून दाबाने हवा देणाऱ्या सीपॅप यंत्राच्या मुखवट्याला उच्छ्वास बाहेर जाण्यासाठी मुद्दामच ठेवलेली छिद्रे. मार्च २०२० मध्ये हीच रचना धोक्याची ठरली आणि जगभरातील झोपेच्या प्रयोगशाळांनी आपल्या खाटा रिकाम्या केल्या.

(दृश्य : टाळेबंदीतील ओस पडलेले बसस्थानक.)

देशात टाळेबंदी लागली ती २५ मार्च २०२० रोजी, आणि दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली तीही त्याच दिवशी. एसटी थांबली आणि डॉक्टरांना फोनवरून रुग्ण तपासण्याची रीतसर चौकट मिळाली. १३ एप्रिलला ई-संजीवनी या सरकारी दूरस्थ सल्लासेवेची ओपीडी सुरू झाली. सप्टेंबरमध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत पथके दारोदार जाऊन ऑक्सिजन मोजू लागली, तेव्हा ही चिमटी घराघरांत ओळखीची झाली. ओळखीच्या वस्तूला माणूस बिचकत नाही. घरच्या तपासणीचे निम्मे काम, आमच्या मते, त्या मोहिमेनेच करून ठेवले होते.

(दृश्य : पाण्याच्या टाकीजवळ, मोबाइल हातात धरून उभे असलेले काका.)

गावात रेंज मिळते ती इथेच. डॉक्टरांचा पहिला प्रश्न साधाच आहे, की रात्री किती वाजता झोपता; पण त्याचे उत्तर काकांच्या हाती नाही. कृषिपंपाची लाईट ज्या आठवड्यात रात्री असते, त्या आठवड्यात ओलितासाठी मध्यरात्री वावरात जावे लागते, आणि हरभरा घाटे धरू लागला की रानडुकरांसाठी जागल आलीच. घरच्या यंत्राला मेंदूच्या तारा नसतात, त्यामुळे माणूस झोपला आहे की नुसता पडून आहे हे त्याला कळत नाही; ते नोंदीचे सगळे तास धरून भागाकार करते आणि आजार आहे त्यापेक्षा सौम्य दिसू शकतो. म्हणून दिवसपाळीच्या लाईटचा आठवडा पाहून मगच पट्टा बांधायचे ठरले. शहरातील प्रयोगशाळेत हा प्रश्न कोणी विचारला असता का, अशी शंका येते.

(दृश्य : सकाळ, उपकेंद्राच्या संगणकावरील आलेख.)

ऑक्सिजनची ही रेषा विळ्याच्या दात्यांसारखी आहे. प्रत्येक दाता म्हणजे एक अडलेला श्वास, आणि मध्यरात्रीनंतर दात्यांमध्ये सपाट जागा जवळजवळ उरतच नाही. गंभीर हृदयरोग किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेल्यांना मात्र आजही प्रयोगशाळेतच जावे लागते, आणि टाळेबंदीत ज्यांची तपासणी लांबली त्यांचा हिशेब कोणी मांडलेला आमच्या पाहण्यात नाही.

(दृश्य : रात्र, मुखवटा लावून झोपलेले काका, काकू जाग्या.)

सीपॅपचा प्लग पंख्याच्या शेजारी लावला आहे. यंत्र हवेचा दाब आपोआप कमी-जास्त करते आणि रात्रीची नोंद मोबाइलच्या जाळ्यातून डॉक्टरांकडे पाठवते. लाईट गेली की ते बंद पडते. तेव्हा काकू उठतात आणि काकांच्या तोंडावरचा मुखवटा काढून उशाशी ठेवतात.