रिकामं जातं

नमस्कार श्रोतेहो. साथ आली की सरकारचे नियम येतात. आणि नियम पाळायचे की चुकवायचे, हे मरणाची भीती ठरवते. पण कुठल्या मरणाची? नुसत्या मरणाची, की परक्यांत, एकट्याने मरण्याची? या दोन भीती वेगळ्या आहेत बरं का. पुन्हा सांगतो, वेगळ्या आहेत.

पुण्यातला १८९७चा प्लेग. उंदीर पडायला लागले म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. रँडसाहेबाचे गोरे सोजीर घरोघर शिरत. काखेत, जांघेत गाठ दिसली की माणसाची रवानगी इस्पितळात आणि घरच्यांची छावणीत.

माझ्या आजीच्या सासूने डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट. ती तेव्हा घरातली नवी सून. थोरल्या जावेच्या काखेत सुपारीएवढी गाठ, अंगात फणफणून ताप. बाहेर बूट वाजले. बायकांनी तिला उचलली, माजघरात जात्यापाशी बसवली, डोक्यावरून पदर ओढला आणि हात खुंट्यावर ठेवला. समोर मधली जाऊ बसली. जातं तीच ओढत होती; आजाऱ्याचा हात नुसता खुंट्याबरोबर फिरत होता. घाईत दाणे घालायचे राहिले. रिकामं जातं, दगडावर दगड! आजी इथे तळहात एकमेकांवर घासून तो आवाज काढायची. सोजिराने अंधारात डोकावलं. दळणारी बाई आजारी कशी असेल? गेला निघून.

(हल्ली जाती हॉटेलांच्या दारात मांडतात, वर प्लास्टिकची फुलं. मला ते बघवत नाही. असो.)

थोरली जाऊ तिसऱ्या दिवशी गेली. घरात, आपल्या माणसांत, तोंडात गंगाजल पडून. आजी हे अभिमानाने सांगायची. आठवड्याने मधलीही गेली. हे मात्र ती आवाज खाली करून सांगायची.

म्हणजे मरणाला भिऊनच माणसं नियम पाळतात आणि मरणाला भिऊनच चुकवतात. आदल्याच वर्षी, १८९६च्या ऑक्टोबरात, मुंबईत गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता. तिथे गेलेला परत येत नाही, ही धास्ती. इकडे २२ जून १८९७ला गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली. तो इतिहास तुम्हाला पाठ आहे.

साथीचा कायदाही त्याच १८९७चा, आणि २०२०मध्ये आपल्याकडे तोच लागू झाला. प्लास्टिकमध्ये गुंडाळून नेलेली माणसं आपण टीव्हीवर पाहिली. आमच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमन कपाळाला ती तापाची बंदूक लावायचा. एका संध्याकाळी माझं अंग कसकसत होतं. गेटच्या अलीकडे, पाण्याच्या टाकीपाशी थांबून मी कपाळावर गार पाण्याचे हबके मारले, रुमालाने नीट पुसलं आणि मग पुढे गेलो.